विसाव्याची विद्या

सर्व आसनांत सोपें आसन कोणतें, असा प्रश्न एखाद्या वर्गांत विचारला तर मागच्या बाकावरचा मुलगासुद्धां शवासनाचें नांव घेईल, आणि सारा वर्ग हंसेल. उताणें पडावें, हातपाय सैल सोडावे, डोळे मिटावे. यांत शिकण्यासारखें तें काय? दिवसभर कचेरींत मान मोडून घरीं परतलेला कारकून तेंच करतो, आणि स्वयंपाकघर आवरून घटकाभर आडवी होणारी गृहिणीही तेंच करते. परंतु तो कारकून आडवा झाल्यावर काय घडतें हें नीट पाहिलें म्हणजे हंसूं मावळतें. पाठ जमिनीला टेकलेली असते, पण दांत आवळलेले असतात. कपाळावरची आठी जागच्या जागीं असते. वरिष्ठांचा सकाळचा टोमणा, घराचा हप्ता, मुलाच्या परीक्षेचा निकाल, हीं सर्व एकामागून एक हजेरी लावून जातात. शरीर निजतें, मनुष्य निजत नाहीं. निजणें आणि विसावणें या दोन क्रिया भिन्न आहेत, व त्यांपैकीं दुसरी शिकावी लागते, ही गोष्ट आपल्याकडील योग्यांना फार पूर्वीं ठाऊक होती. ती मोजून दाखविण्याचें काम मात्र विसाव्या शतकावर राहिलें, आणि त्या कामाचा मोठा भाग लोणावळें व मुंबई या दोन ठिकाणीं पार पडला.

शवासनाचा जुना उल्लेख शोधूं गेल्यास एक मौज आढळते. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या दत्तात्रेययोगशास्त्रांत प्रेतासारखें भूमीवर उताणें पडणें याची गणना आसनांत केलेलीच नाहीं. आदिनाथानें सांगितलेल्या लययोगाचे जे अनेक संकेत, म्हणजे मन विरवून टाकण्याच्या ज्या युक्त्या, त्यांपैकीं ती एक आहे. याचा अर्थ असा कीं, हा प्रकार मुळांत शरीराच्या घडणीसाठीं नव्हताच. तो मनासाठीं होता. पुढें पंधराव्या शतकांत स्वात्मारामानें हठप्रदीपिका रचली, आणि तिच्या पहिल्या उपदेशांत वर्णिलेल्या पंधरा आसनांत शवासनाला जागा दिली. येथें ग्रंथकाराचा संयम लक्षांत घेण्यासारखा आहे. इतर आसनांचीं फळें सांगतांना त्याचा हात आखडत नाहीं. मत्स्येंद्रासनानें कुंडलिनी जागृत होते असें तो म्हणतो. मयूरासनाची स्तुति तर जालीम विषसुद्धां पचवितें येथपर्यंत जाते. त्याच्या पाठोपाठ शवासन येतें, आणि त्याविषयीं तो दोनच गोष्टी सांगतो: थकवा जातो आणि चित्ताला विसावा मिळतो. घेरंडसंहितेंत हेंच आसन मृतासन या नांवानें येतें, आणि तेथेंही फळाचा मजकूर जवळजवळ हाच आहे. शेंकडों वर्षांनीं यंत्रें लावून जें सिद्ध झालें, तें या दोन माफक विधानांच्या पलीकडे फारसें गेलेलें नाहीं. ज्या आसनाविषयीं ग्रंथकारांनीं सर्वांत कमी बढाई मारली, तेंच परीक्षेंत टिकावें, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असें वाटत नाहीं.

या ग्रंथांत एक उणीव मात्र आहे. पडावें कसें तें ते सांगतात, सैल व्हावें कसें तें सांगत नाहींत. तें गुरूनें जवळ बसून शिकवावयाचें असे. गुरु भेटला नाहीं तर पोथी हातांत असूनही विद्या बंदच.

ही कोंडी फोडणारा मनुष्य संस्कृतचा व्यासंगी होता. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ सालीं डभोई येथें झाला. १९०३ च्या मॅट्रिक परीक्षेंत त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळाली. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरांत त्यांनीं तीन वर्षें भारतीय व्यायामाचें शिक्षण घेतलें. पुढें नर्मदाकांठीं मालसर येथें परमहंस माधवदास यांच्याजवळ योगाचा अभ्यास केला, आणि अमळनेरास शिक्षणाचें कार्यही केलें. हेच पुढें स्वामी कुवलयानंद या नांवानें प्रसिद्धीस आले. योगाचे जे परिणाम सांगितले जातात ते खरे असतील तर शरीरांत त्यांचा कांहीं ना कांहीं मागमूस सांपडलाच पाहिजे, आणि सांपडत नसेल तर तसें म्हणण्याचें धैर्य असलें पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९२४ सालीं बडोद्याच्या सरकारी रुग्णालयांत त्यांनीं उड्डियान व नौली या क्रिया क्ष-किरणांखालीं पाहिल्या व पोटांतील दाब मोजले. नौलीच्या वेळीं आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेहूनही कमी होतो असें त्यांना आढळलें, आणि त्या निर्वात स्थितीला त्यांनीं आपल्या गुरूचें नांव दिलें. शास्त्रीय शोधाला गुरुदक्षिणेचें रूप देण्याची ही तऱ्हा खास आपल्याकडची. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झालें, आणि ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक निघूं लागलें. त्याच्या पानांवर एका बाजूला संस्कृत वचनें आणि दुसऱ्या बाजूला दाबमापकाचे आंकडे असत.

तो काळ बळाच्या उपासनेचा होता, हें येथें विसरतां कामा नये. तालमी, मल्लखांब, लेझीम यांनीं महाराष्ट्र दुमदुमत होता. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानच्या शाळांतून मुलांकडूनही घालून घेत. परतंत्र देशाला मनगटाची गरज होती, आणि त्या गरजेंत कांहीं खोटें नव्हतें. परंतु अशा वातावरणांत प्रेतासारखें स्वस्थ पडून राहण्याची विद्या शिकविणारा मनुष्य थोडासा विक्षिप्तच ठरावा. कुवलयानंदांनीं मात्र आसनांवरील आपल्या पुस्तकांत शवासनाचें सविस्तर विवरण केलें. शरीराचा एकेक भाग लक्षांत घ्यावा, तो सैल करावा, मग दुसऱ्याकडे वळावें. सर्व अंग सैल पडलें म्हणजे श्वासाकडे लक्ष द्यावें, आणि त्याला हळूहळू एकसारखी लय द्यावी, अशी ही रीत आहे. जें पोथींत एका ओळींत गुंडाळलेलें होतें, तें घरोघर करतां येईल अशा पायऱ्यांत उलगडलें गेलें. गुप्त युक्ति पाठाच्या रूपानें बाहेर आली, आणि हा बदल वाटतो त्याहून मोठा होता.

योगायोगानें याच सुमारास अमेरिकेंतही कांहीं विद्वान त्याच दाराशीं येऊन ठेपले होते. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यानें १८९८ च्या सुमारास मांजराच्या जठराच्या हालचाली क्ष-किरणांनीं पाहतांना असें टिपलें होतें कीं, मांजर बिथरलें कीं जठर तत्काळ थांबतें, आणि त्याला चुचकारून शांत केलें कीं पुन्हा चालूं लागतें. भय व क्रोध यांच्या समयीं शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागतें, नाडी चढते, रक्तांत साखर उतरते, हें त्यानें १९१५ च्या आपल्या ग्रंथांत मांडलें. वाघ समोर आला असतां ही तयारी जीव वाचविते. कचेरींतला कागद समोर आला असतां मात्र ना लढतां येतें ना पळतां येतें, आणि तयारी तशीच अंगांत मुरते. १९३६ सालीं माँट्रियल येथील हान्स सेल्ये यानें ‘नेचर’ नियतकालिकांत एक छोटें पत्र प्रसिद्ध केलें. थंडी, इजा, विष, अतिश्रम, कारण कोणतेंही असो, उंदरांच्या शरीरांत त्याला एकाच साच्याचे फेरफार दिसले. या स्थितीला त्यानें पुढें यंत्रशास्त्रांतला शब्द लावला, आणि त्या शब्दाला मराठींत ‘ताण’ हा प्रतिशब्द रूढ झाला. मराठींत तो शब्द मूळचा दोरीचा, तारेचा आणि मागावरच्या सुताचा. माणसाच्या मनासाठीं पूर्वीं घोर, विवंचना, घालमेल, हुरहूर असे निरनिराळे शब्द होते, आणि प्रत्येकाची छटा वेगळी होती. आतां सर्वांची जागा एका ताणानें घेतली. सोय झाली खरी, पण भाषा थोडी गरीब झाली.

शिकागोचा एडमंड जेकबसन हा कुवलयानंदांच्या कार्याला सर्वांत जवळचा. मनुष्य स्वस्थ बसला आहे असें दिसत असतांही त्याचे स्नायू आखडलेले असतात, हें त्यानें विजेच्या सूक्ष्म मापनानें दाखविलें. हात वांकविण्याची नुसती कल्पना केली तरी दंडांत क्षीणसा विद्युत्प्रवाह उमटतो. एखादा स्नायु मुद्दाम ताणावा, मग सोडावा, आणि या दोहोंतला फरक ओळखावयास शिकावें, अशी त्याची पद्धति १९२९ च्या ग्रंथांत प्रसिद्ध झाली. लोणावळ्याच्या पद्धतींत आधीं ताणण्याची पायरी नाहीं, आणि शिकागोच्या पद्धतींत श्वास हा मुख्य आधार नाहीं. तरी आपण आखडलेले आहों हें माणसाला कळत नाहीं, आणि कळल्याशिवाय सुटतां येत नाहीं, या मुद्यावर दोघेही एक.

कैवल्यधामाचें नांव लवकरच दूरवर पोंचलें. १९२७ च्या मार्चांत कोल्हापूर-निपाणीकडील दौऱ्यांत महात्मा गांधींचा रक्तदाब एकाएकीं वाढला, आणि त्यांना म्हैसूरकडील नंदी टेंकडीवर विश्रांतीसाठीं न्यावें लागलें. त्या दिवसांत योगाच्या उपचारांविषयीं त्यांनीं कुवलयानंदांशीं पत्रव्यवहार केला. पुढें येल विद्यापीठांतून कोवूर बेहनन हा त्रावणकोरचा तरुण मानसशास्त्रज्ञ लोणावळ्यास आला, सुमारें एक वर्ष राहिला, आणि त्यानें प्राणायामाचे प्रयोग स्वतःवरच केले. १९३७ च्या त्याच्या ग्रंथांतला निष्कर्ष प्रामाणिकपणामुळें वाचण्यासारखा आहे. प्राणायामानंतर लगेच बेरजा करावयास दिल्या तर बुद्धि नेहमीपेक्षां मंद चालते, असें त्याला आढळलें. बुद्धि तीक्ष्ण होते असा जो सर्वत्र बोलबाला, त्याच्या हें नेमकें उलट. परंतु दीर्घ अभ्यासानंतर मनाला एक प्रकारची स्थिरता आली, रागलोभांचे झटके कमी बसूं लागले, असेंही त्यानें नमूद केलें. स्वामींनीं या पाहुण्याला आपले दरवाजे उघडे ठेवले होते, आणि पाहुण्यानें यजमानाला खूष करण्यासाठीं कांहीं लिहिलें नाहीं. दोघांनाही हें शोभून दिसतें.

तरीही एक प्रश्न उरलाच होता. मनाला बरें वाटतें हें ठीक. पण रोग्याच्या शरीरांत कांहीं फरक पडतो काय? याचें उत्तर मिळण्यासाठीं मोठें रुग्णालय हवें, आणि रोज तोच एक रोग पाहणारा वैद्यक हवा. मुंबईंत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत तीं दोन्हीं साधनें होतीं. रक्तदाबाच्या इतिहासांत या रुग्णालयाला आधींच एक मान मिळालेला होता. तेथील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मध्यें सर्पगंधेच्या मुळीविषयीं निबंध प्रसिद्ध केला, आणि आपल्याकडच्या वैदूंना ठाऊक असलेली ती वनस्पति साऱ्या जगाच्या औषधपेटींत जाऊन बसली. त्याबद्दल १९५७ सालीं त्यांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. सर्पगंधेपासून काढलेल्या औषधानें रक्तदाब उतरे, पण कांहीं रुग्णांचें मन उदास होतें अशा तक्रारीही येऊं लागल्या. दाब उतरला आणि उत्साहही उतरला, तर त्या रुग्णानें काय मिळविलें? म्हणून त्या काळीं औषधाची एखादी गोळी कमी होणें ही लहान गोष्ट नव्हती.

त्याच रुग्णालयांतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनीं रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविलें. त्यांच्या सहकाऱ्यांत कैवल्यधामाचे विनेकर होते. लोणावळ्याची विद्या त्यांच्या द्वारें परळला पोंचली. रीत अशी होती. रुग्णानें उताणें निजावें. पाय एकमेकांपासून किंचित् दूर, हात शरीरापासून थोडे अलग, बोटें अर्धवट मिटलेलीं, पापण्या नुसत्या ढळलेल्या. श्वास पोटानें, सावकाश घ्यावा. आंत घेतल्यावर क्षणभर थांबावें, सोडल्यावर त्याहून थोडें अधिक. मग लक्ष नाकपुड्यांवर आणावें. आंत जाणारी हवा थंड लागते, बाहेर येणारी ऊन लागते. एवढेंच अनुभवीत राहावें. दररोज अर्धा तास. बहुतेकांना हें साधावयास सुमारें तीन आठवडे लागले. निजण्यासारखी गोष्ट शिकावयास तीन आठवडे! मागच्या बाकावरच्या मुलाला यापेक्षां सरळ उत्तर देतां येणार नाहीं.

१९६९ सालीं ‘अँजिऑलॉजी’ नांवाच्या नियतकालिकांत या प्रयोगाचा वृत्तांत आला. ज्यांनीं कोणतेंही औषध घेतलें नव्हतें अशा १० जणांचा रक्तदाब, वरचा व खालचा मिळून काढलेल्या मध्यमानानें, १३४ वरून १०७ वर आला. औषधानें ज्यांचा दाब आटोक्यांत होता अशा २२ जणांपैकीं १३ जणांचें औषध मूळच्या सुमारें एक तृतीयांशावर आणतां आलें, आणि दाब वाढला नाहीं. ज्यांना औषधही पुरेसें लागू पडत नव्हतें, त्यांच्यांत लाभ कमी जणांना झाला. हा शेवटचा गट वृत्तांतांत झांकून ठेवलेला नाहीं. हें पाहावयास कुवलयानंद मात्र उरले नव्हते. १९६६ च्या एप्रिलांत त्यांचें देहावसान झालें होतें.

परंतु शंकेखोर माणसाचें समाधान एवढ्यानें होत नाहीं, आणि होऊंही नये. डॉक्टरांनीं आस्थेनें विचारपूस केली, रोज अर्धा तास कामांतून सुटका झाली, वारंवार दाब मोजल्यानें त्या यंत्राची भीति मोडली. उतार यामुळें पडला नसेल कशावरून? शवासन न करणारा बरोबरीचा गट मुंबईच्या प्रयोगांत नव्हता. आक्षेप रास्त होता. आपल्या परंपरेवरचा आक्षेप म्हणून जे त्यावर संतापतात, ते परंपरेचें कांहीं भलें करीत नाहींत.

त्या आक्षेपाला उत्तर मिळालें तें लंडनजवळच्या क्रॉयडन येथें. मूळच्या भारतीय असलेल्या डॉ. चंद्रा पटेल तेथें सामान्य वैद्यकीय व्यवसाय करीत. शवासनासारखा शिथिलीकरणाचा अभ्यास, ध्यान, आणि त्याच्या जोडीला त्वचेंतील विद्युद्रोध मोजून अंग सैल पडत आहे कीं नाहीं हें आवाजानें कळविणारें एक यंत्र, अशी त्यांची पद्धति होती. १९७३ सालीं त्यांनीं ‘लॅन्सेट’ मध्यें २० रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांतील ५ जणांचें रक्तदाबाचें औषध पूर्णपणें थांबवितां आलें. तोच आक्षेप पुन्हा आला. तेव्हां १९७५ सालीं त्यांनीं ३४ रुग्ण घेऊन चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांची दोन गटांत वांटणी केली. एका गटाला सहा आठवड्यांत अर्ध्या अर्ध्या तासाचे बारा पाठ दिले. दुसऱ्या गटालाही तितक्याच वेळां, तितकाच वेळ बोलाविलें, त्याच डॉक्टरांनीं त्यांचा दाब मोजला, आणि त्यांनाही कोचावर पडून विश्रांति घ्यावयास सांगितलें. फरक इतकाच कीं, विश्रांति कशी घ्यावी तें त्यांना सांगितलें नाहीं.

पहिल्या गटाचा रक्तदाब १६८/१०० होता, तो १४१/८४ झाला. कोचावर नुसता पडून राहणाऱ्या गटाचा १६९/१०१ होता, तो १६०/९६ झाला. म्हणजे शंकेखोराचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. नुसत्या पडण्यानें, नुसत्या आस्थेनेंही थोडा उतार पडतो, आणि तो नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु त्या कोचावरच्या माणसाला आपल्या कारकुनाचीच गत भोगावी लागली. पाठ टेकली, आठी राहिली. हे रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखालीं होते, आणि त्यांच्या गोळ्या त्यांनीं स्वतःच्या मर्जीनें सोडल्या नव्हत्या, हेंही येथें सांगणें अवश्य आहे. कारण असे वृत्तांत अर्धवट ऐकून औषधाची बाटली खिडकींतून फेंकणारे उत्साही लोक प्रत्येक गल्लींत असतात.

कांहीं महिन्यांनीं डॉ. पटेल यांनीं दुसऱ्या गटांतील त्याच माणसांना पुन्हा बोलाविलें. कोच तेच, वेळ तीच. या खेपेस त्यांना अंग सैल कसें सोडावें आणि श्वासाकडे लक्ष कसें ठेवावें तें शिकविलें. आणि मग त्यांचाही रक्तदाब पहिल्या गटाप्रमाणें उतरला.